दुरुस्त झालेल्या चुकांचा हिशेब

परंडा किंवा लोहारा तालुक्यातल्या एखाद्या गावच्या ग्रामपंचायत कार्यालयात भिंतीवर एक लोखंडी पेटी असते. आत लहानसे यंत्र, त्यात खोचलेली बुटाच्या नाडीएवढी पिवळी तार आणि समोर चार-पाच दिवे. हिरवा दिवा स्थिर असला की ‘नेट आहे’ आणि लाल लुकलुकू लागला की ‘नेट गेलं’. सातबारा, पीकविम्याचा अर्ज, ई-केवायसी, शिष्यवृत्तीचा फॉर्म अशी गावाची कितीतरी कामे या दोन वाक्यांवर अडतात किंवा सुटतात. पण या दोन अवस्थांच्या मध्ये एक तिसरी अवस्था असते आणि ती कोणत्याही दिव्यावर दिसत नाही. दिवा हिरवाच असतो, पान उघडत असते, आणि आत सेकंदाला हजारो चुका होऊन यंत्र त्या गुपचूप दुरुस्त करत असते. या पुस्तकातली पुढची सगळी प्रकरणे या तिसऱ्या अवस्थेविषयी आहेत. प्रकाशतंतूंच्या जाळ्यात चुका कमी करायच्या तर जोरदार प्रकाश किंवा महागडे यंत्र यांच्या आधी, आपल्या नकळत दुरुस्त झालेल्या चुकांचा हिशेब ठेवायला शिकले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. धाराशिवसारख्या जिल्ह्यात, जिथे एकाच तारेवर अख्खे गाव विसंबून असते, तिथे ही गरज मोठ्या शहरापेक्षा जास्त आहे.

चूक म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. फायबरमधून जाते ते प्रकाशाच्या स्पंदांत लिहिलेले शून्य आणि एक. पलीकडे पोचलेला प्रकाश इतका मंद असतो की ग्रहण करणाऱ्या यंत्राच्या स्वतःच्या विद्युत खरखरीत तो मिसळून जातो आणि कधीतरी ‘शून्य’चा ‘एक’ वाचला जातो. प्रकाश मंद होण्याचे माप डेसिबल, कामावरच्या भाषेत डीबी. ३ डीबी गेले म्हणजे प्रकाश निम्मा राहिला, १० गेले म्हणजे दहावा हिस्सा, २० गेले म्हणजे शंभरावा. १९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडले की काच पुरेशी शुद्ध केली आणि किलोमीटरमागे तूट २० डीबीच्या खाली आणली तर काचेतून दूरसंचार शक्य आहे. म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उरला तरी चालेल, एवढीच त्यांची अट होती. त्या काळच्या काचेला तीही जमत नव्हती. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या तिघा संशोधकांनी ती पूर्ण केली. आजच्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला किलोमीटरमागे ०.२ डीबीच्या आसपास तूट येते, म्हणजे १०० भागांतले ९५ भाग पुढच्या किलोमीटरला पोचतात. अशी काच आपल्या मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत, तयार होते. काचेच्या जाड दांड्यापासून केसाएवढा तंतू ओढण्यापर्यंतचे काम तिथे चालते. तरीही धाराशिवहून सोलापूरपर्यंतचे सत्तरेक किलोमीटर धरले, तर एवढ्या निर्मळ काचेतूनही प्रकाशाचा पंचविसावा हिस्साच पलीकडे निघतो. चुकीला जागा राहते ती इथे.

ही जागा बुजवणारे गणित समजायला दूध संकलन केंद्राची वही पुरते. आडव्या ओळीत शेतकऱ्यांची नावे, उभ्या रकान्यांत तारखा. प्रत्येक ओळीची बेरीज उजवीकडे, प्रत्येक रकान्याची खाली. आठवड्याअखेर एकच ओळ आणि एकच रकाना जुळत नसेल, तर ती ओळ आणि तो रकाना जिथे छेदतात तोच आकडा चुकला आहे. किती चुकला तेही फरकावरून कळते. शेतकऱ्याला पुन्हा बोलावून विचारायची गरज नाही. त्यासाठी बेरजांची जास्तीची जागा मात्र खर्चावी लागली. चूक सुधारणाऱ्या संकेतप्रणालीचे सगळे रहस्य या जास्तीच्या जागेत आहे. १९५० मध्ये रिचर्ड हॅमिंग यांनी तिची पहिली सुटसुटीत पद्धत छापली. १९६० मध्ये रीड आणि सोलोमन यांनी आज फायबरमध्ये सर्रास वापरली जाणारी पद्धत दिली, आणि त्याच वर्षी राजचंद्र बोस आणि त्यांचे सहकारी द्विजेंद्र रायचौधुरी यांची पद्धत आली. मराठी वाचकाने इथे आणखी एक नाव लक्षात ठेवावे: शरदचंद्र श्रीखंडे. १९५९ साली बोस, पार्कर आणि श्रीखंडे यांनी लॅटिन चौकोनांविषयीचे ऑयलरचे १७८२ सालचे अनुमान खोटे ठरवले, ही कथा अनेकांनी ऐकलेली असते. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी संकेतरचनेवरही एक निबंध लिहिला होता, हे सहसा सांगितले जात नाही. पुढे मुंबई विद्यापीठात गणित शिकवणारा हा माणूस ओळी-रकान्यांच्या ज्या रचनांचा अभ्यास करत होता, त्यांचेच नातेवाईक आज असंख्य फायबरांच्या टोकांना काम करत आहेत.

रीड-सोलोमनची फायबरसाठी प्रमाण मानलेली रचना अशी: माहितीच्या २३९ बाइटमागे १६ बाइट जास्तीचे, एकूण २५५ चा एक गट. गटातले कोणतेही ८ बाइट बिघडले तरी सगळे पूर्ववत करता येतात, आणि त्यासाठी माहितीवर जेमतेम ७ टक्के जादा भार पडतो. आता या रचनेचा स्वभाव पाहा. सेकंदाला १० अब्ज बिट वाहणाऱ्या फायबरमध्ये दर दहा हजार बिटांत एक चूक होत असेल, तर सेकंदाला १० लाख चुका झाल्या. त्या विखुरलेल्या असल्या तर गणिताप्रमाणे दीड-दोन दिवसांत एखादाच गट सुधारता न येण्याइतका बिघडतो. वापरणाऱ्याला काहीच कळत नाही. चुकांचे प्रमाण दहापट वाढू द्या, म्हणजे हजारात एक. आता सेकंदाला हजाराहून जास्त गट हातचे जातात. दोन दिवसांत एक, तिथून सेकंदाला हजार! आणि या दहापटीसाठी पलीकडे पोचणारा प्रकाश कितीने घटावा लागतो? एखाद-दीड डीबीने. न पुसता खोचलेला एक कनेक्टर एवढे सहज करतो. ज्या काचगाभ्यातून प्रकाश जातो त्याची जाडी ९ मायक्रॉनच्या आसपास असते, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. उन्हाळ्यात पेटी उघडल्यावर वाऱ्याबरोबर येणाऱ्या मातीच्या एका कणाने तो गाभा अर्धाअधिक झाकला जाऊ शकतो.

म्हणून मी चूक-सुधारणेला कड्याची उपमा देतो. कड्यापर्यंतची वाट सपाट असते, चालणाऱ्याला कडा किती जवळ आला याचा पत्ता लागत नाही, आणि शेवटच्या पावलाला जमीन संपते. जुन्या तांब्याच्या टेलिफोन तारेत असे नव्हते. तिथे आधी खरखर वाढायची, आवाज दबायचा, मग लाइन जायची. बिघाड आपली वर्दी स्वतः देत असे. नव्या यंत्रांनी ती वर्दी गिळून टाकली. सुदैवाने ती पुसून टाकलेली नाही. किती चुका आल्या, किती सुधारल्या, किती सुटल्या हे यंत्राच्या पोटात मोजले जाते, आणि हवे तेव्हा वाचता येते. वाचायची सवय नाही, एवढाच प्रश्न आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: प्रकाश मंद होतो तर तो वाढवा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अर्बियमयुक्त फायबरचे वर्धक आल्यापासून हे अवघडही नाही. पण इथे चॅनेलांचा विषय सुरू होतो. मोठ्या मार्गावर एकाच तंतूतून चाळीस-ऐंशी वेगवेगळ्या रंगांचे प्रकाश एकदम धाडले जातात आणि प्रत्येक रंग हा स्वतंत्र चॅनेल असतो. डोळ्यांना न दिसणारे, एकमेकांपासून ०.८ किंवा ०.४ नॅनोमीटर अंतरावरचे रंग. मंद प्रकाशात ते शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने जातात. प्रकाश तीव्र झाला की काचेचा गुणधर्मच त्या तीव्रतेने किंचित बदलतो आणि रंग एकमेकांत मिसळू लागतात. तीन चॅनेल मिळून नऊ नवे भेसळ-रंग उपजवू शकतात, आठ चॅनेल २२४, चाळीस चॅनेल ३१,२००. चॅनेल समान अंतरावर मांडलेले असले तर यातले बरेचसे दुसऱ्या चॅनेलच्याच जागेवर जाऊन बसतात. प्रत्येक चॅनेलचा प्रकाश दुप्पट केला तर ही भेसळ आठपट होते. जोर वाढवून स्वतःची चूक कमी करू पाहणारा चॅनेल शेजाऱ्याच्या चुका वाढवतो, आणि सगळ्यांनी तेच केले की सगळेच बुडतात. तेव्हा प्रत्येक मार्गाला प्रकाशाची एक योग्य मात्रा असते. तिच्या खाली खरखर मारते, वर भेसळ.

या भेसळीचा इतिहास मला फार शिकवणारा वाटतो. फायबरमध्ये प्रकाशाचा स्पंद जाताजाता पसरतो. हा दोष समजून अभियंत्यांनी १९८० च्या दशकात १५५० नॅनोमीटरला अजिबात न पसरवणारे फायबर बनवले. एका रंगासाठी ते उत्तमच होते. मग अनेक रंग एकत्र धाडायची वेळ आली आणि याच फायबरमध्ये भेसळ सर्वांत वाईट निघाली, कारण पसरण नसल्याने सगळे रंग एका वेगाने, खांद्याला खांदा लावून चालत आणि भेसळीला भरपूर अवधी मिळे. शेवटी थोडी पसरण मुद्दाम ठेवलेले फायबर आणावे लागले. रंगांच्या वेगांत थोडा फरक पडला की ते एकमेकांच्या सोबत टिकत नाहीत, आणि पसरलेला स्पंद पलीकडे गणिताने पुन्हा गोळा करता येतो. एका चॅनेलचा दोष निखालस नाहीसा करण्याच्या हट्टाने सगळ्या चॅनेलांचे नुकसान झाले होते. जाळ्यातली चूक कमी करताना शेजारी कोण आहे हे विसरून चालत नाही.

कोणी म्हणेल, चाळीस रंगांची ही गोष्ट मुंबई-हैदराबादच्या मार्गावरची. उमरग्याच्या आडबाजूच्या गावाला तिचे काय? गावापर्यंतच्या फायबरवर साधारण दोनच रंग असतात, जाताना १४९० नॅनोमीटर आणि येताना १३१०. पण तिथे चॅनेल रंगांनी वेगळे केलेले नसतात, वेळेने केलेले असतात. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने मंजूर केलेल्या आणि पुढे भारतनेट हे नाव मिळालेल्या योजनेची मूळ रचना अशी होती की तालुक्याच्या ठिकाणच्या एका यंत्रापासून निघालेला तंतू वाटेत फाटे फुटून अनेक ग्रामपंचायतींना जातो. खाली येणारा प्रकाश सगळ्यांना सारखा मिळतो. वर जाताना मात्र प्रत्येक गावाच्या यंत्राने आपली पाळी आली तेव्हाच बोलायचे असते. माकणीच्या निम्न तेरणा धरणाच्या कालव्यावरची पाणीपाळी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. एकाने आपल्या पाळीबाहेर दार उघडे ठेवले की खालच्या सगळ्यांचे गणित बिघडते. फायबरवरही अगदी असेच होते. एका पंचायतीतले यंत्र बिघडून अखंड प्रकाश टाकत राहिले, तर त्या फाट्यावरच्या बाकी सगळ्या गावांच्या बिटांवर तो प्रकाश सांडतो. त्या गावांत चुका वाढतात, जोडणी तुटते, आणि तंत्रज्ञ नेमके त्या निर्दोष गावांत जाऊन तारा तपासत बसतात. दोषी यंत्र शोधायचे तर एका गावाचा दिवा पाहून भागत नाही. फाट्यावरच्या सगळ्या गावांच्या चुकांचे आकडे शेजारी मांडावे लागतात.

सर्वांत वजनदार आक्षेप प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा आहे. ते म्हणतात, आमच्या जिल्ह्यात चुका-बिका नंतर. इथे केबलच तुटते. जेसीबी येतो, रस्त्याकडेची चारी खणतो, केबल जाते. खरे आहे. धुळे-सोलापूर महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशी असा जिल्ह्याच्या अंगावरून गेला आहे, पुणे-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग, उमरग्यावरून जातो, आणि फायबर रस्त्याच्या कडेनेच पुरलेले असते. रुंदीकरण, पाण्याची पाइपलाइन, गटार, प्रत्येक कामाचा घाव आधी केबलवर. खोदण्याआधी केबल-मालकांना कळवण्यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप देशभरासाठी आले, ते याच दुखण्यावर. आणि काळी जमीन स्वतःही स्वस्थ बसत नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यात उथळ पुरलेल्या केबलवर ताण येतो, तंतू वाकतो आणि वाकलेल्या जागी प्रकाश बाहेर गळतो. तेव्हा तुटणे हा मोठा प्रश्न आहे हे मला मान्यच आहे. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे: तुटलेली केबल जोडल्यावर काय उरते?

तुटल्या जागी मध्ये नवा तुकडा घालावा लागतो, म्हणजे एका तुटण्यामागे दोन जोड. जोड करणारा तंत्रज्ञ तंतूवरचे आवरण सोलतो, स्पिरिटने काच पुसतो, क्लीव्हरने टोक काटकोनात छाटतो आणि दोन्ही टोके स्प्लायसिंग मशीनच्या खाचांत ठेवतो. पडद्यावर ती दोन जाड दांड्यांसारखी समोरासमोर दिसतात, मशीन त्यांना सरळ रेषेत आणते, क्षणभर ठिणगी पडते आणि दांडा एक होतो. नीट झालेल्या जोडाची तूट ०.१ डीबीच्याही आत असते. पण रस्त्याकडेला, वाऱ्यात, बॅटरी संपत आलेली, चार गावांचे फोन येत असताना केलेला जोड ०.३-०.४ चा होऊ शकतो. तेवढ्याने दिवा हिरवा होतो, म्हणून काम झाले असे मानले जाते. आता साधा हिशेब करू. पंचायतींच्या जोडणीत सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या यंत्रजोडीला २८ डीबीपर्यंत तूट सोसते. १८ किलोमीटर फायबरचे सहाच्या आसपास, सोळा फाट्यांच्या विभाजकाचे १४, कनेक्टर आणि मूळ जोडांचे २ धरले की २२ खर्च झाले, ६ शिल्लक. सहा वेळा केबल तुटली आणि सहाही वेळा घाईत जोडली, तर बारा जोडांत साडेतीन ते पावणेपाच डीबी गेले. या सगळ्या काळात दिवा हिरवा, तक्रार नाही, नोंद नाही. सातव्या खेपेला केबल तुटतही नाही. कोणीतरी पेटी उघडून तार काढून पुन्हा खोचतो, टोकावर धूळ बसते, आणि गाव बंद पडते. त्या दिवशी दोष धुळीवर किंवा त्या माणसावर ढकलला जातो. खरी शिल्लक आधीच्या सहा दुरुस्त्यांत संपलेली असते.

दुसरा उपाय म्हणून वलयाकडे बोट दाखवले जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमात फाट्यांऐवजी वलयाची रचना आहे. एका बाजूने केबल तुटली तर वाहतूक दुसऱ्या बाजूने फिरते. हे चांगलेच आहे आणि लवकर व्हावे. पण वलय पूर्ण तुटण्यावर उपाय करते. हळूहळू खंगण्यावर करत नाही. उलट एका बाजूला तुटल्यावर वाहतूक लांबच्या वाटेने जाते, आणि त्या वाटेवर वर्षभर कोणी पाहिले नाही अशा कच्च्या जोडांची परीक्षा नेमकी त्या रात्री होते. नवरात्रात तुळजापूरला लाखोंची गर्दी असताना ती व्हावी, हे कोणालाच नको असेल. मोबाइल टॉवरमुळे फायबरची गरज संपेल, ही आशाही फार टिकत नाही. टॉवरपर्यंतचा प्रवास हवेतून होतो. टॉवरच्या मागे गर्दी वाहून नेणारे शेवटी फायबरच लागते.

उरतो तो आळसाचा आक्षेप: यंत्र स्वतः चुका सुधारते, मग माणसाने का लक्ष घालायचे? यंत्र चूक सुधारते, चुकीचे कारण सुधारत नाही. ते कनेक्टर पुसत नाही, चेंबरमधले पाणी उपसत नाही, पिळवटलेली तार सैल करत नाही. ते आपली शिल्लक खर्चून आपल्याला वेळ मिळवून देते, आणि तो वेळ वापरायचा की घालवायचा हे आपल्या हाती असते. जिल्ह्यात सहाशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. त्या प्रत्येकीचे आलेल्या प्रकाशाचे माप आणि सुधारलेल्या चुकांचा आकडा महिन्यातून एकदा लिहिला, तर वर्षाच्या बारा आकड्यांत दिसेल की कोणत्या गावाची वाट सपाट आहे आणि कोणते गाव कड्याकडे सरकते आहे. याला नवे यंत्र लागत नाही. तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या, आयटीआयतून बाहेर पडलेल्या मुलामुलींना डीबीचा अर्थ आणि आकड्यांतला कल वाचता आला की पुरे. तो त्यांच्या भाषेत कळावा म्हणून हे मराठीत लिहिले आहे, आणि पुढच्या प्रकरणांत लॉस, जोड, स्प्लिटर, कोअर हे कामावरचे शब्द तसेच ठेवले आहेत. कोणत्याही तंत्रज्ञाला न समजणारे शुद्ध पारिभाषिक शब्द घडवण्यात मला अर्थ वाटला नाही.

प्रकरणांचा क्रमही त्यानुसार आहे. संकेतांचे गणित मध्यावर येते, रंगांची भेसळ त्यानंतर. सुरुवात होते ती पॉवर मीटरपासून: तार काढायची, टोक कोरड्या क्लीनरने पुसायचे, मीटरला लावायची, १४९० निवडायचे, आकडा वाचायचा. तो उणे १९ आला की उणे २६, हे त्या दिवसाच्या तारखेसह पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहायचे, जोडणीच्या दिवशी लिहिलेल्या आकड्याच्या खाली. तिथे जोडणीच्या दिवसाचा आकडाच नसेल, तर आजचा आकडा पहिला.